करंगळीसाठी एक ओळ

नवी आवृत्ती आली मंगळवारी.
उघडायला दीड सेकंद कमी,
लांबच लांब ओळीवर आता गुदमरत नाही,
आणि जोडाक्षराच्या पोटात कर्सर अडकायचा
तो म्हणे अडकणार नाही.
मरोळच्या चौथ्या मजल्यावर,
खालच्या बेकरीतून खारीचा वास येत असताना
मी ती चढवली, एडिटर बंद केला, उघडला,
आणि पहिल्याच आज्ञेला
सगळी फाइल माझ्यावर ओरडायला लागली.

मोठ्या अक्षरांत. इंग्रजीची ही एक खोड,
आवाज चढवायला वेगळी अक्षरं.
आपला क राग आला तरी
तेवढ्याच उंचीचा.

तळपट्टीत बारीक लिहिलेलं:
ओळ दोनशे बारा. ही आज्ञा आता नाही.

दोनशे बारा माझी नव्हती.
माझ्या फाइलीत माझ्या ओळी जेमतेम तीस,
बाकीच्या आग्नेल मिस्किटांच्या.
शेजारणीने वाटीतून विरजण द्यावं
तशी निवृत्तीच्या दिवशी पेनड्राइव्हवर दिलेली,
लाव म्हणाले, तुझ्या दुधात तुझ्या चवीचं होईल.

चौऱ्याण्णवव्या ओळीवर त्यांची टीप:
हे काढू नको. का ते आठवत नाही.
काढलं की सोमवारी बिलं छापत नाहीत.

एकशे तीस: मारलेलं मरत नाही.
शेवटचे साठ तुकडे माळेत असतात,
एकेक ओढत जा.
(मला असाच एकदा माझा राजीनामा सापडला,
कस्टम्सच्या दरपत्रकामागे.
वाचला. परत मारला.)

एकशे साठ: तेच काम तिसऱ्यांदा करतेयस?
थांब. चौथ्यांदा त्याला करून दाखव,
पुढचं चारशे वेळा तो करेल.
तेवढ्यात खाली जाऊन पाव आण.

आणि दोनशे बाराच्या डोक्यावर:
करंगळी दुखते. डॉक्टर म्हणतात टायपिंग सोडा.
सोडण्यापेक्षा की हलवली.

इथे कुठल्याही कीला विचारता येतं,
बाई गं, तू काय करतेस,
आणि ती सांगते, कोणत्या फाइलीत
कितव्या ओळीवर तिला हे शिकवलं.
अकरा वर्षं मी विचारलं नव्हतं.
करंगळी जिथे टेकायची तिथे टेकायची.

फोन लावला. मागे कोंबड्या,
कुणीतरी बाटल्या विसळत होतं.
ती होय, म्हणाले, ती माझी नाय.
माझ्या करंगळीला काय धाड भरलीय?
खटावकर बाईंची ती. फोर्टात, विम्याच्या ऑफिसात,
दिवसाला दोनशे पॉलिश्या बडवायच्या.
मी नुसती उतरवून घेतली, टिपेसकट.
आता कुठे असतात त्या?
चेंबूरला असायच्या, म्हणाले,
आणि मग कोंबड्यांचाच आवाज आला थोडा वेळ.

जुन्या आज्ञेचं नवं नाव एडिटरनेच सांगितलं.
ओळ पुन्हा लिहिली. टीप तशीच ठेवली,
दुखते हा वर्तमानकाळही.

शेवटी चार कंस बंद करायचे होते.
कंस मोजायचे नसतात, मोजून कुणाचं भलं झालं नाही:
बंद करणारा टाइप केला की
त्याचा उघडणारा क्षणभर उजळतो,
असेल तिथे.
तीन माझ्याच ओळीत उजळले.
चौथ्यासाठी पडदा वर सरकला,
माझ्या ओळीवरून, टिपेवरून, आणखी वर,
जिथे खटावकर बाईंनी तो उघडून ठेवला होता.

साठवलं.
करंगळी ठेवून पाहिली.
सगळं गप्प, लहान अक्षरांत.